चुकीच्या जागी आलेली पट्टी

मार्च २०२२. सोलापुरात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच पंखा गरम हवा फेकायला लागतो, तशातली एक दुपार. जीवरसायनच्या प्रयोगशाळेत एमएस्सीचा एक मुलगा प्लास्टिकच्या डबीत रंगवलेला जेल, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणारी लिबलिबीत चकती, घेऊन उभा होता आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीतून तीन आठवडे खपून काढलेल्या प्रथिनाची निळी पट्टी जिथे यायला हवी तिथे नव्हतीच. ती बरीच वर, अपेक्षित वजनाच्या जवळजवळ दीडपट वजनाच्या जागी येऊन बसली होती.

"मॅडम, दुसरंच कायतरी आलंय. टाकून देऊ?"

मॅडमनी डबी खिडकीकडे धरली, तिरकी करून पाहिली. "फोटो काढ. तारीख घाल. आणि उद्या परत कर, ह्याच पद्धतीनं."

ह्या एका पट्टीमागे पुढची पावणेदोन वर्षं गेली. तेवढ्यात मॅडमच्या थांबलेल्या संशोधनाची गाडी पुन्हा रुळावर आली, म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं. मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या दोन विभागांत डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र एकच आहे, त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंचसं डोळ्यांसमोर घडलं. मी तटस्थ नाही हेही सांगून टाकतो. मॅडमनी लिहायला परवानगी देताना अटी घातल्या : नाव नको, कॉलेज नको आणि "प्रेरणादायी" हा शब्द नको.

आधीची वीस वर्षं

सोलापूरच्या पूर्व भागातलं मॅडमचं पद्मशाली घर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. मागांचा खडखडाट एवढा की दहावीचा अभ्यास त्यांनी कानात कापूस घालून केला. बीएस्सी सोलापुरात झाली, पुढे नेट, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती आणि पुण्यात पीएचडी. ह्या टप्प्यांत सांगण्यासारखं फार नाही, हुशार मुलीचा तो ठरलेला रस्ता होता. पीएचडीच्या चौथ्या वर्षी जे झालं ते मात्र ह्या प्रकरणाशी जोडलेलं आहे, आणि त्यासाठी त्या काळचा विषय थोडा समजून घ्यावा लागतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ पाण्यात स्वतःहून घडी घालते आणि त्या घडीवरच तिचं काम अवलंबून असतं, असं सगळे शिकलेले. ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन युरियात उलगडलं, युरिया काढून घेतला, आणि ते आपलं आपण पूर्ववत घडी घालून कामाला लागलं. १९७२ साली त्यांना नोबेल मिळालं ते ह्याच कामासाठी. त्याआधी १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी माळेचा प्रत्येक दुवा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या नाही, ह्याचा नकाशा काढला होता. जीवरसायन शिकलेल्या प्रत्येकाने तो परीक्षेत कधी ना कधी काढलेला असतो. तर घडी हाच धर्म. ज्याला घडी नाही ते प्रथिन बिघडलेलं, नाहीतर नमुना खराब.

मॅडम ज्या प्रथिनावर काम करत होत्या त्याला एका टोकाला साधारण चाळीस अमिनो आम्लांची शेपटी होती. ती कुठल्याच मोजणीत नीट दिसायची नाही. प्रथिनाचा आकार पाहायला स्फटिक लागतो, तो काही बनत नव्हता. गाइडनी सांगितलं, "शेपटी कापून टाक." त्यांनी जनुकातूनच तेवढा भाग छाटला, स्फटिक आला, पेपर आला, पदवी आली. गाइडना दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळ्या प्रयोगशाळांत हेच चालायचं. पीटर राइट आणि जेन डायसन यांचा बिनघडीच्या प्रथिनांवरचा लेख १९९९ सालीच आला होता. घडी नसणं हाच काही प्रथिनांचा स्वभाव असतो आणि त्या अवस्थेतच ती कामं करतात, असं त्यात मांडलं होतं. मॅडमनी तो वाचला होता. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी शेपटीवर एक परिच्छेद लिहिला. गाइडनी तो काढायला लावला.

बंगळुरात दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, झालं. २०१२ मध्ये आईचं डायलिसिस सुरू झालं आणि त्या परत आल्या. आठवड्यातून दोनदा आईला घेऊन जायचं, उरलेल्या दिवसांत दोन कॉलेजांत सीएचबीवर तास घ्यायचे. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व : तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर नाही आणि बिल निघायचं तेव्हा निघणार. शासनाची भरतीबंदी उठायची आणि बसायची. पाच वर्षं अशी गेली. त्यांच्या बायोडेटात ह्या पाच वर्षांत एकही शोधनिबंध नाही. पुढे अनुदानित जागेवर त्यांची नेमणूक झाली तेव्हा मुलाखतीत एका तज्ज्ञाने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "ह्या काळात काय केलंत?" मॅडम म्हणाल्या, "शिकवलं." मंडळी हसली. मला अजूनही त्या हसण्याचा राग येतो, त्यांना येत नाही.

गॅसवर काय शिजतंय

कायम झाल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी एक चूक केली, आणि ती त्या स्वतःच चूक म्हणतात. पुण्यात जे करत होत्या तेच इथे करायला गेल्या. युरियात प्रथिन उलगडायचं आणि ट्रिप्टोफॅन ह्या अमिनो आम्लाचा उजेड कसा बदलतो ते मोजायचं. त्याला फ्लुओरिमीटर लागतो. आमच्याकडे होतं ते असं : प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारा एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, एक सेंट्रिफ्यूज, जेल चालवायचा एक संच, एक उणे वीसचा फ्रीजर आणि गॅसची शेगडी. निधीसाठी प्रस्ताव लिहिले, दोन्ही नापास झाले. एका अभिप्रायात लिहून आलं की संस्थेत पुरेशी साधनं नाहीत. खोटं काय होतं त्यात?

लॉकडाऊनमध्ये घरी बसून त्यांनी वेगळा हिशेब मांडला. हातात आहे तेवढ्यावर जीव धरेल असा प्रश्न शोधायचा. तिथे त्यांना शेपटी आठवली.

ज्या प्रथिनांना घडीच नाही त्यांना उकळलं तर काय होईल? फारसं काहीच नाही. घडी असलेलं प्रथिन तापवलं की उलगडतं, आतला तेलकट भाग उघडा पडतो आणि शेजाऱ्याला चिकटून साका होतो. अंड्याचा पांढरा भाग तसाच घट्ट होतो. मॅडम वर्गात खरवसाचं उदाहरण देतात आणि ते मला फार आवडतं. चिकाच्या दुधात घडीवाली प्रथिनं, विशेषतः प्रतिपिंडं, भरपूर असतात, म्हणून ते वाफवलं की वडी पडते. पुढच्या आठवड्यातल्या दुधाला कितीही उकळा, साय येईल, उतू जाईल, पण वडी पडणार नाही. कारण गाईच्या दुधातलं सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असतं आणि केसीनला अशी पक्की घडी नसते. म्हणजे नमुना उकळायचा, साका खाली बसवायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. बिनघडीची प्रथिनं त्या पाण्यात सापडतात. ही पद्धत जुनी आहे आणि तिला शेगडी पुरते.

दाणा कोणता घ्यायचा हा प्रश्न सोलापुरात पडत नाही. बियाणं पिकताना शेवटी शेवटी त्यात काही प्रथिनं साचतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिऑन ड्यूर यांनी ती पहिल्यांदा सरकीत पाहिली. त्यांच्यातलाच एक गट म्हणजे डीहायड्रिन. पेशीतलं पाणी आटतं तेव्हा बाकीची प्रथिनं आणि पेशीपटलं एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून ही मध्ये राहतात असं मानलं जातं. पाण्यात मोकळं असताना डीहायड्रिनला घडी नसते. आणि आपल्याकडची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. एमएस्सीचा तो मुलगा मंगळवेढ्याचा, त्याने घरून पायलीभर ज्वारी आणली.

शिपाईमामा दारातून डोकावून विचारायचे, "काय शिजवायलात मॅडम? वासावरनं आंबील वाटायली." त्यांचं फार चुकत नव्हतं. ज्वारीचं पीठ क्षारद्रावात कालवायचं, गाळायचं, परीक्षानळ्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायच्या, लगेच बर्फात घालायच्या. नळीत आधी धुरकट पांढरं काहीतरी फुटतं, मग दह्यासारखा थर खाली जातो आणि वर पाणी उरतं, इतकं नितळ की त्यात काही असेल असं वाटत नाही.

यंत्रालाही तसंच वाटलं. प्रथिन मोजायला आपण २८० नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतो आणि तो किती शोषला गेला ते पाहतो. आकडा जवळपास शून्य आला. मुलगा म्हणाला, प्रथिन उरलंच नाही. पण हे शोषण मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन करतात आणि डीहायड्रिनमध्ये ट्रिप्टोफॅन सहसा नसतंच. पुण्यात सहा वर्षं वापरलेलं मॅडमचं सगळ्यात धारदार हत्यार इथे बोथट होतं. म्हणून जेल चालवला आणि पट्टी दिसली, चुकीच्या जागी.

तिचं कारण मॅडमना वाचून ठाऊक होतं. जेलमध्ये एसडीएस नावाचा साबणासारखा पदार्थ प्रथिनाला गुंडाळतो, त्याला ऋणभार देतो, आणि वजनाप्रमाणे प्रथिनं पुढेमागे धावतात. बिनघडीच्या प्रथिनांत तेलकट अमिनो आम्लं कमी आणि भारित जास्त. त्यामुळे साबण कमी चिकटतो, भार कमी मिळतो, प्रथिन रेंगाळतं आणि खऱ्यापेक्षा जड दिसतं. १.२ ते १.८ पट जड दिसणं हे अशा प्रथिनांचं नेहमीचं लक्षण मानतात. दीडपट त्यात बरोबर बसत होतं. पण असं बसणं हा काही पुरावा नव्हे. भेसळीची एखादी जड पट्टीसुद्धा नेमकी तिथेच बसू शकते.

फ्रीजर

मे महिन्यात विभागाला रंग द्यायचं काम निघालं. भिंतीला ड्रिल मारायला कुणीतरी फ्रीजरचा प्लग काढला आणि परत लावला नाही. सुट्टीचे नऊ दिवस, बाहेर ४३ अंश. मी आणि मॅडम एकाच दिवशी परत आलो. फ्रीजरखाली पाणी होतं, तेही वाळून पांढरा डाग उरलेला. आत तीन महिन्यांचे नमुने.

कोण चुकलं ते शेवटपर्यंत ठरलं नाही आणि ठरूनही काही उपयोग नव्हता. मुलगा रडायच्या बेतात होता. मॅडमनी सगळ्या नळ्या बाहेर काढल्या, खुणा पाहिल्या आणि म्हणाल्या, "फेकायच्या आधी जेलवर टाकू."

तुलनेसाठी ठेवलेलं गाईचं सिरम अल्ब्युमिन, पक्क्या घडीचं प्रथिन, थोडं फिकं झालं होतं, पण पट्टी जागेवर होती. ज्वारीच्या नळ्यांच्या रांगा कोऱ्या. डागसुद्धा नाही. एकाच डब्यात, एकाच उष्णतेत नऊ दिवस काढलेल्या दोन प्रथिनांपैकी एक उभं आणि एक नाहीसं. कात्रीसारखं काम करणारी विकरं बिनघडीच्या प्रथिनाला भराभर तोडतात, कारण त्याची माळ सगळीकडून उघडी असते. घडी असलेल्याचे दुवे आत दडलेले असतात.

मला वाटलं, झालं, हाच पुरावा. मॅडमनी मान हलवली. नळ्यांत कुठले जंतू वाढले, कोणतं विकर किती होतं, काही माहीत नाही, मग हा इशारा म्हणायचा, त्यापुढे नाही. जूनमध्ये त्यांनी तोच प्रयोग रीतसर केला. दोन्ही प्रथिनांत ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर मोजून घातलं आणि १, २, ५, १० मिनिटांनी थोडाथोडा नमुना काढून थांबवला. ज्वारीची पट्टी दुसऱ्या मिनिटाला गेली, अल्ब्युमिन दहाव्या मिनिटालाही होतं.

त्याच जुलैत अल्फाफोल्ड ह्या प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या संगणकप्रणालीच्या संग्रहात २० कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजी आकार खुले झाले. त्यात ज्वारीही होती. मुलाने आपल्या प्रथिनाचं चित्र उघडलं तर सगळं नारिंगी-पिवळं, सोडून दिलेल्या शेवयांसारखं. "सॉफ्टवेअर गंडलंय मॅडम." त्या चित्रात निळा रंग म्हणजे खात्री, नारिंगी म्हणजे आकाराबद्दल खात्री नाही, आणि सलग नारिंगी भाग बहुतेकदा बिनघडीचाच निघतो. पण "बहुतेकदा" ह्या शब्दावर शोधनिबंध उभा राहत नाही.

तीन आक्षेप

ह्या कामावर मॅडमनी शोधपत्रिकेला पाठवलेला लेख डिसेंबर २०२२ मध्ये परत आला, नाकारून. दोन परीक्षकांपैकी एकाने चार ओळीत विषय संपवला होता. दुसऱ्याने दोन पानं लिहिली होती आणि ती दोन पानं ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद आहे असं मी मानतो.

पहिला आक्षेप : वजन जुळत नाही, भेसळ असू शकते. दुसरा : ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे तोडतं. डीहायड्रिनमध्ये लायसिन ठासून भरलेलं असतं, तेव्हा ते लवकर तुटणारच, त्यावरून घडी नाही असं कसं म्हणता? तिसरा आक्षेप जिव्हारी लागणारा होता. तुम्ही प्रथिन उकळून काढलंत. जे उकळलं ते उलगडलेलं दिसणारच. हा बिनघडीपणा दाण्यातला की तुमच्या पातेल्यातला?

मॅडम दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे आयन-विनिमयाचं रेझिन आहे ना?"

पहिला आक्षेप पैशाने सुटला. पुण्यातल्या एका सशुल्क सेवेकडे नमुना पाठवला. मास स्पेक्ट्रोमीटर वजन साबणाच्या भरवशावर करत नाही, तो रेणूच तोलतो. वजन जनुकाच्या क्रमावरून काढलेल्या वजनाशी जुळलं, आणि तुकड्यांचे क्रम डीहायड्रिनचेच निघाले. बिल मॅडमनी पगारातून भरलं. कॉलेजकडे त्यासाठी खर्चाचं शीर्षकच नव्हतं. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणून प्रोटिनेज-के वापरलं. ते तोडताना लायसिन शोधत बसत नाही, जवळजवळ कुठेही तोडतं. निकाल तोच आला.

तिसऱ्यासाठी प्रथिन न उकळता शुद्ध करायला हवं होतं. म्हणजे गार खोली, प्रथिनं भारानुसार वेगळी करणारं ते रेझिन भरलेला स्तंभ आणि संयम. गार खोली आमच्याकडे नाही. शिपाईमामांच्या मेहुण्याने कोल्ड्रिंकचं दुकान बंद केलं होतं, त्याचा काचेच्या दाराचा उभा फ्रीज स्वस्तात मिळाला. त्यावर अजून एका सरबताच्या जाहिरातीतली मुलगी हसत असते. मधल्या दोन जाळ्या काढून त्यात काचेचा स्तंभ उभा केला, दाराच्या रबरातून बारीक नळी बाहेर घेतली, आणि थेंब थेंब पडणारं पाणी बाहेर बसून नळ्यांत गोळा करायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत, पहाटे पाचला येऊन दोघे बसायचे, कारण दिवस वर आला की दार उघडताच आतलं तापमान चढायचं. आठ वेळा केलं. सहा वेळा पट्टीच मिळाली नाही, कारण न उकळलेल्या अर्कात दाण्याची स्वतःची विकरं जिवंत असतात आणि ती आपल्याच डीहायड्रिनला खाऊन टाकतात. विकर थांबवणारं औषध पाण्यात घातल्यावर फार टिकत नाही, ते ऐनवेळी घालायला हवं, हे सातव्या वेळी नीट जमलं.

हैदराबाद

घडी आहे की नाही हे विचारायला सीडी नावाचं यंत्र लागतं. वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश सोडायचा. प्रथिनात वळ्यांची घडी असेल तर आलेख २०८ आणि २२२ नॅनोमीटरला खाली जातो. घडी नसेल तर २००च्या आसपास एकच खोल खड्डा दिसतो. हैदराबादच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञाने वेळ द्यायचं कबूल केलं. सोलापूरहून साधारण तीनशे किलोमीटर. तिथे मॅडमची तेलुगू कामाला आली हा त्यांच्या आनंदाचा भाग आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा गेल्या. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, त्यात दोन नळ्या, एक उकळलेली आणि एक न उकळलेली. यंत्राने २१०च्या खाली आलेखाऐवजी नुसता कचरा काढला. कारण मीठ! स्तंभातून उतरवताना वापरलेलं सोडियम क्लोराइड तसंच नमुन्यात होतं, आणि क्लोराइड २०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच पिऊन टाकतं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मॅडम हे वर्गात शिकवतात. दहा वर्षं यंत्राला हात लागला नाही की असं होतं, आणि ते त्यांनी तिथे सगळ्यांसमोर कबूलही केलं. रात्रीच्या गाडीने परत आल्या.

मार्चमध्ये मीठ धुऊन, नुसत्या फॉस्फेटमध्ये भिजवून नमुने नेले. न उकळलेल्या नळीचा आलेख २००जवळ खोल गेला, २२२ला जवळजवळ सपाट. उकळलेल्या नळीचा आलेख त्याच्यावर ठेवला तर दोन रेघा वेगळ्या काढता येईनात. पातेल्याने काहीच बिघडवलं नव्हतं, कारण बिघडवायला आत काही नव्हतंच. मॅडमनी मला फोटो पाठवला, खाली एकच शब्द : "शेपटी."

लेख दुसरीकडे पाठवला, तो २०२३ च्या नोव्हेंबरात स्वीकारला गेला. त्यात दावा छोटा आहे : मालदांडीच्या दाण्यातलं हे डीहायड्रिन न उकळताही बिनघडीचं असतं, आणि दाणा भिजून मोड येऊ लागले की ते दिवसागणिक कमी होतं. एका स्थानिक वर्तमानपत्राने बातमी दिली ती अशी की, सोलापूरच्या प्राध्यापिकेने ज्वारीच्या दुष्काळ सोसण्याचं गुपित शोधलं. मॅडम संतापल्या. मालदांडी कोरड्यात तग धरते त्याला मुळांची खोली, पानांची ठेवण अशी अनेक कारणं आहेत. एका प्रथिनाच्या नावावर ते श्रेय टाकायला त्या तयार नव्हत्या. खुलासा पाठवला, तो छापून आला नाही.

हिशेब

करिअरच्या भाषेत ह्यातून काय पदरात पडलं, तर बढतीच्या मुलाखतीत "दोन वर्षांत एकच पेपर?" हा प्रश्न. त्यांच्याच वर्षी दुसऱ्या एकाने तेवढ्या काळात अकरा छापले होते. ते कुठे छापले हे मी लिहीत नाही. बढती मिळाली, वर्षभर उशिरा. हैदराबादच्या त्या गटाबरोबर आता कायमचं येणंजाणं आहे, पीएचडीच्या दोन विद्यार्थिनी आहेत आणि मंगळवेढ्याचा तो मुलगा पुण्यात जेआरएफ आहे.

माझ्या मते सुरुवातीची दोन वर्षं पुण्याची नक्कल करण्यात वाया गेली, आणि सीडीसाठी हैदराबादला पहिल्या लेखाच्या आधीच जायला हवं होतं. तसं केलं असतं तर नकार टळला असता. मॅडमना हे मान्य नाही. त्या म्हणतात, आधी गेले असते तर उकळलेलीच नळी नेली असती आणि आलेख पाहून खूश होऊन परत आले असते. तिसरा आक्षेप मग छापून आल्यावर कुणीतरी घेतला असता. ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ज्वारी निवडण्याबद्दल मात्र आमच्यात वाद नाही. निधी देणाऱ्या समित्यांना आजार लागतो. पार्किन्सनमधलं १४० अमिनो आम्लांचं अल्फा-सिन्युक्लिन हेही बिनघडीचंच प्रथिन, आणि त्यावर प्रस्ताव लिहिला असता तर शब्द जड झाले असते. पण त्यासाठी लागणारं एकही यंत्र आमच्या इमारतीत नव्हतं, आणि सिन्युक्लिनवर जगभर शेकडो प्रयोगशाळा बसल्या आहेत. त्यांच्या रांगेत सोलापूरचा नंबर कधी लागला असता?

ऑक्टोबर २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर आणि अल्फाफोल्डवाले डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना जाहीर झालं, प्रथिनांच्या रचनेसाठी. मुलं पेढे घेऊन आली : "मॅडम, तुमच्या विषयाला मिळालं!" मॅडमनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या विषयातल्या निळ्या भागाला मिळालं रे."

त्या रात्री त्यांनी पुण्यातल्या जुन्या प्रथिनाचा पूर्ण क्रम, शेपटीसकट, अल्फाफोल्डमध्ये काढून पाहिला. घडीचा भाग गडद निळा, आणि टोकाची चाळीस अमिनो आम्लं नारिंगी. ते चित्र त्यांनी निवृत्त झालेल्या गाइडना पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं. न कापलेल्या जनुकाची नळी अजून तिथल्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, मॅडमच्याच अक्षरातल्या खुणेच्या डब्यात आहे, जागा रिकामी करायची आहे, हवी असेल तर घेऊन जा.

परीक्षेचं सुपरव्हिजन संपलं की पहिल्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन ती आणायची ठरली आहे. थर्माकोलची पेटी माझ्या विभागातून जातेय, त्यांच्या पेटीचं झाकण हैदराबादच्या गाडीत तुटलं.